चूक ओळखून स्वतःला सावरणारे सॉफ्टवेअर कसे रचावे

३० मे २०२४ रोजी नागपुरातील रामदासपेठ भागात, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि सोनेगावच्या केंद्राने ५४. त्याच दिवशी खापरी आणि रामटेक येथील केंद्रे मात्र ४४ अंश दाखवत होती. वरचे आकडे संवेदकाच्या बिघाडामुळे आल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने या प्रसंगातील एक गोष्ट नीट पाहावी. चारपैकी दोन केंद्रे चुकीची असताना नुसते बहुमत घेऊन खरे तापमान ठरवता येत नाही. परंतु भारतात तोवर नोंदलेले सर्वोच्च तापमान राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश होते, एवढी एक मर्यादा तपासणाऱ्या प्रोग्रामजवळ असली, की दोन्ही आकडे संशयित म्हणून क्षणात बाजूला काढता येतात. चूक पकडणारी तपासणी नेहमी अशी, मूळ हिशोबाहून वेगळ्या आधारावर उभी असावी लागते, आणि चूक सापडल्यावर परत फिरण्याची जागा आधीच तयार असावी लागते. पुढील विवेचन या दोन गरजा प्रत्यक्ष कशा भागवाव्यात याविषयी आहे.

उदाहरणासाठी नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याच्या एखाद्या अडत दुकानाचा प्रोग्राम घेऊ. तो काट्यावरून भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन घेतो, लिलावात ठरलेला भाव नोंदवतो, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापतो आणि पट्टीची रक्कम बँकेमार्फत शेतकऱ्याच्या खात्यात पाठवतो. किलो आणि क्विंटल यांच्या रूपांतरात प्रोग्रामरने केलेली गफलत हा दोष होय. तो त्या ओळीपर्यंत काम पोहोचेपर्यंत निपचित पडून राहतो. ती ओळ चालली की संगणकाच्या स्मृतीत खोटे वजन बसते, ही झाली चूक. त्या खोट्या वजनाची छापील पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते, तेव्हा ते अपयश ठरते. सर्व दोष काढून टाकणे कोणत्याही मोठ्या प्रोग्रामच्या बाबतीत शक्य होत नाही, म्हणून चूक उपजल्यापासून ती बाहेर पडेपर्यंतच्या अवधीतच आपल्याला काम करावयाचे आहे.

ताळा कसा बसवावा

योग्य उत्तर आधीच माहीत असते तर प्रोग्रामची गरजच नव्हती, त्यामुळे तपासणी उत्तराची नसून उत्तराच्या लक्षणांची असते. भरलेल्या गाडीचे वजन रिकाम्या गाडीपेक्षा जास्त असलेच पाहिजे. निव्वळ माल त्या गाडीच्या वहनक्षमतेच्या फार पुढे जाता कामा नये. दिवसभरात शेतकऱ्यांच्या पट्ट्यांवर लागलेले एकूण वजन आणि खरेदीदारांच्या बिलांवर लागलेले एकूण वजन जुळले पाहिजे. असे संबंध कागदावर लिहून काढावेत आणि त्यांतील प्रत्येक संबंध प्रोग्राममध्ये स्वतंत्र तपासणी म्हणून उतरवावा. ताळा करताना तेच फंक्शन पुन्हा चालवून काहीही साधत नाही, कारण त्यात दोष असेल तर दोन्ही वेळा सारखेच चुकीचे उत्तर येईल आणि ताळा बिनबोभाट जुळेल. वजनाला भावाने गुणून रक्कम काढली असेल तर रकमेला भावाने भागून वजन परत मिळते का ते पाहावे, आणि हे भागाकाराचे काम शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने लिहिलेले असावे.

आकडे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बदलतात. तो बदल ओळखण्यासाठी तपासअंक, म्हणजे बाकीच्या अंकांवरून काढून शेवटी जोडलेला अंक, वापरतात. आधार क्रमांकातील बारावा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी टंकले गेले, तर ही पद्धत ते हमखास ओळखते. बँक कार्डांच्या क्रमांकासाठी वापरली जाणारी लूनची पद्धत अधिक सोपी आहे, पण तिच्यात एक फट आहे. तीत एकाआड एक अंक दुप्पट करतात आणि दुप्पट ९ पेक्षा जास्त झाल्यास त्यातून ९ वजा करतात. ९ ची दुप्पट १८, त्यातून ९ गेले की ९, आणि ० ची दुप्पट शून्यच. त्यामुळे ०९ असो वा ९०, दोघांची बेरीज सारखीच येते आणि अदलाबदल लपून राहते. स्वतःच्या पट्टीक्रमांकासाठी किंवा शेतकरी-क्रमांकासाठी तपासअंक निवडायचा असेल, तर हाताने टंकन होणाऱ्या ठिकाणी व्हरहॉफच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा प्रोग्राम दोन-तीन लहान कोष्टकांत मावतो, त्यामुळे अवघडपणाची सबब टिकत नाही.

काट्यापासून संगणकापर्यंतच्या तारेवर विशेष लक्ष द्यावे. तिच्यातून येणाऱ्या संदेशातील एखादा अंक गळाला तर १२४५० किलोचे १२४५ किलो होतात, आणि रिकाम्या लहान गाडीसाठी ते वजन अगदीच अशक्य नसते. म्हणून संदेशाची लांबी, आरंभाची व अंताची खूण आणि चेकसम (संदेशातील मजकुरावरून काढून त्यालाच जोडलेला पडताळ्याचा आकडा) या सर्वांची तपासणी व्हावी. अनेक इलेक्ट्रॉनिक काटे वजन स्थिर झाले आहे की नाही याची खूण आकड्याबरोबरच पाठवतात. ती खूण न पाहता गाडी हलत असतानाचा आकडा उचलणारे प्रोग्राम आजही आढळतात. डिस्कवरील आणि नेटवर्कवरील मोठ्या नोंदींसाठी ३२ बिटांचा सीआरसी हा अधिक काटेकोर प्रकारचा चेकसम पुरतो. सलग ३२ बिटांपर्यंतचा कोणताही बिघाड त्यातून निसटत नाही. मात्र मुद्दाम केलेल्या फेरफारापुढे सीआरसी निरुपयोगी ठरतो, तेथे डिजिटल स्वाक्षरीच हवी. चेकसम आकडा जन्माला येतो तेथेच जोडावा आणि तो शेवटी वापरणाऱ्यानेच तपासावा, कारण मधल्या टप्प्यांवर नव्याने काढलेला चेकसम आधीच बिघडलेल्या आकड्यालाही निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र देतो.

काही चुका आकड्यांत दिसत नाहीत, वेळेत दिसतात. प्रत्येक बाह्य विनंतीला मुदत घालावी, आणि ती नेहमीच्या वेळेची मोजणी करून ठरवावी. प्रोग्राम गुंतून पडला तर त्याला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग ठेवावा, पण त्याला जागे असल्याची खूण देणारी ओळ एखाद्या वेगळ्या टायमरमध्ये टाकू नये. मुख्य काम ठप्प झाले तरी टायमर चालूच राहतो आणि वॉचडॉगला सारे सुरळीत असल्याचा भास होतो. वजन, हिशोब, छपाई आणि बँक ही चारही कामे एक फेरी पूर्ण झाल्याचे कळवतील तेव्हाच ती खूण जावी. संगणकाच्या घड्याळावरही आंधळा विश्वास नको. मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली की लाइन गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, म्हणून सुरू होताना आजची तारीख शेवटच्या नोंदीच्या तारखेपेक्षा मागची नाही याची खात्री प्रोग्रामने करून घ्यावी.

चूक सापडली हे सांगण्याची रीतही विचारपूर्वक ठरवावी लागते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेले एरियन ५ रॉकेट सुमारे ३७ सेकंदांनी भरकटून नष्ट झाले. ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावला नाही आणि दिशा सांगणारा संगणक बंद पडला. त्याच्या जोडीला राखीव संगणक होता, परंतु त्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तो त्याच कारणाने काही मिलिसेकंद आधीच बंद पडलेला होता. आधीच्या एरियन ४ रॉकेटच्या उड्डाणमार्गावर तो आकडा कधीच एवढा मोठा होत नसे आणि तोच भाग नव्या रॉकेटसाठी जसाच्या तसा उचललेला होता. यापुढची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे, पण ती सहसा कोणी सांगत नाही. बंद पडताना त्या संगणकाने बिघाडाची माहिती ज्या मार्गावर टाकली, त्याच मार्गावरून मुख्य संगणक उड्डाणाचे आकडे वाचत होता. त्याने ती बिघाडाची माहिती खरे आकडे समजून इंजिनांची दिशा वळवली.

कळमन्याच्या दुकानात हाच प्रमाद अगदी साध्या रूपात होतो. काट्याकडून उत्तर आले नाही तर शून्य परत करणारे फंक्शन कोणीतरी लिहितो, रिकाम्या गाडीचे वजन घेताना तार निसटते, वजन शून्य धरले जाते, आणि गाडीचे स्वतःचे चार-पाच टन लोखंड संत्र्यांच्या भावाने पट्टीवर चढते. म्हणून ‘वजन नाही’ ही अवस्था आकड्याने कधीही दाखवू नये. शून्य, उणे एक, ९९९९ यांपैकी काहीही चालणार नाही. तिच्यासाठी स्वतंत्र प्रकार असावा आणि तो तपासल्याशिवाय पुढचा हिशोब कंपायलरनेच (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनानेच) अडवावा.

परत फिरण्याची जागा

चूक सापडल्यावर पहिला प्रश्न असा, की ती कुठवर पसरली असेल. शेवटची यशस्वी तपासणी जेथे झाली तेथून पुढचे सर्व संशयित, हा नियम कठोर असला तरी तोच पाळावा. तपासण्या जितक्या जवळजवळ, तितके टाकून द्यावे लागणारे काम कमी.

त्यानंतर दोन वाटा उरतात. एक मागे जाण्याची, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या विश्वासार्ह स्थितीकडे परतून काम पुन्हा करण्याची. दुसरी पुढे जाण्याची, म्हणजे आहे त्या स्थितीत दुरुस्ती करून वाटचाल चालू ठेवण्याची. चूक नेमकी कोणती हे माहीत नसेल तरी मागे जाता येते, म्हणून सर्वसाधारण प्रोग्रामसाठी हीच वाट निवडावी. तिचा पाया म्हणजे आधी लिहून मग करण्याची शिस्त. दुकानाच्या वहीत जशी आधी कीर्दीत नोंद होते आणि नंतर खतावणी होते, तसा प्रत्येक बदल प्रथम लॉगच्या (बदलांच्या क्रमवार नोंदवहीच्या) शेवटी लिहावा, तो डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करावी आणि मगच मूळ नोंद बदलावी. पोस्टग्रेसक्यूएल, एसक्यूलाइट यांसारखे डेटाबेस ही सोय तयार देतात, त्यामुळे शक्य तेथे त्यांचाच आधार घ्यावा.

स्वतःची फाइल लिहिणे अटळ असेल तर पुढील क्रम मोडू नये. नवी माहिती तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावी, एफसिंक (माहिती खरोखर डिस्कवर उतरवण्याची आज्ञा) करावे, मग तिला मूळ फाइलचे नाव द्यावे आणि शेवटी त्या फोल्डरचेही एफसिंक करावे. लॉगमधील प्रत्येक नोंदीला लांबी आणि चेकसम जोडावा. उन्हाळ्यात लाइन जाऊन परत आल्यावर प्रोग्राम लॉग सुरुवातीपासून वाचतो आणि पहिल्या तुटक्या नोंदीपाशी थांबतो. येथे एक बारकावा आहे आणि तो चुकला तर सावरण्याची प्रक्रियाच माहिती नष्ट करते. तुटकी नोंद अगदी शेवटची असेल तर ती लिहीत असताना वीज गेली असे समजून ती टाकून देणे योग्य आहे. पण तिच्या पुढे चांगल्या नोंदी असतील, तर डिस्क बिघडली आहे किंवा कोणी फाइलला हात लावला आहे. अशा वेळी पुढचे सर्व कापून टाकणे म्हणजे दुपारनंतरच्या सगळ्या पट्ट्या गमावणे होय. तेथे प्रोग्रामने थांबावे, फाइलची प्रत बाजूला ठेवावी आणि माणसाला बोलवावे.

एफसिंक अयशस्वी झाले तर ते पुन्हा करून पाहावे, असे सहज वाटते. २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकांसमोर हा प्रश्न उभा राहिला. लिनक्स ही कार्यप्रणाली डिस्कवर लिहिण्यातील चूक एकदा कळवून नंतर स्मृतीतील ती पाने, म्हणजे माहितीचे ते तुकडे, लिहून झाल्याप्रमाणे धरत असे, त्यामुळे दुसरे एफसिंक यशस्वी झाल्याचे सांगे आणि माहिती मात्र डिस्कवर नसे. अखेर डेटाबेसने असा दोष दिसताच स्वतः बंद पडावे आणि लॉगवरून पुन्हा उभे राहावे, असा बदल करण्यात आला. पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी पहिल्या प्रयत्नाने मागे काय ठेवले आहे, हे माहीत असणे किती आवश्यक आहे ते यावरून दिसते.

पुन्हा सुरू केल्याने काम का चालते, असा प्रश्न नवशिक्यांना पडतो. टँडेम या संगणक कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या अहवालात एका छपाई-प्रणालीतील १३२ दोषांची पाहणी दिली आहे. त्यांतील फक्त एकच दोष त्याच परिस्थितीत पुन्हा हटकून प्रकटणारा निघाला, बाकीचे क्षणिक जुळणीतून उद्भवलेले होते. परतलेल्या स्थितीतून काम दुसऱ्यांदा केले तर तीच जुळणी सहसा पुन्हा येत नाही. जो दोष हटकून येतो, त्यापुढे मात्र कितीही वेळा सुरू केले तरी उपयोग नाही, आणि तेथे पर्यायी रीत लागते. न्यूकॅसल विद्यापीठात ब्रायन रँडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मांडलेली रिकव्हरी ब्लॉकची रचना यासाठी आजही उत्तम आहे. स्थिती जपून ठेवावी, मुख्य रीत चालवावी, निकालाला स्वीकारचाचणी लावावी, ती नापास झाली तर जपलेल्या स्थितीकडे परतून दुसरी रीत चालवावी आणि तिच्या निकालालाही तीच चाचणी लावावी. आपल्या दुकानात मुख्य रीत म्हणजे काट्यावरून आपोआप येणारे वजन. पर्यायी रीत म्हणजे दिवाणजींनी काट्याचा पडदा पाहून तोच आकडा दोनदा टंकणे. पर्याय हळू आहे, पण तो वेगळ्या तारेवर, वेगळ्या कोडवर आणि माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, म्हणून त्याला किंमत आहे.

अनेक चमूंकडून एकच प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहून घेऊन मतदान करण्याची पद्धतही आहे, परंतु लहान व्यवसायाने तिच्या वाटेला जाऊ नये. १९८६ मध्ये नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी २७ स्वतंत्र प्रोग्राम दहा लाख चाचण्यांवर तपासले, तेव्हा वेगवेगळ्या लेखकांचे प्रोग्राम अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा एकाच ठिकाणी चुकले. अवघड जागा सर्वांनाच अवघड जाते.

बँकेकडे गेलेला पैसा

स्मृती मागे नेता येते, डिस्क मागे नेता येते, पण पाठवलेला पैसा आणि छापून दिलेली पट्टी मागे नेता येत नाही. सावरणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी कसोटी येथेच लागते, म्हणून हा क्रम सविस्तर देत आहे. पट्टी तयार झाली की तिच्यासाठी एक अनन्य संदर्भक्रमांक निर्माण करावा आणि ‘या क्रमांकाने इतकी रक्कम या खात्यात पाठवायची आहे’ ही नोंद लॉगमध्ये पक्की करावी. त्यानंतरच बँकेकडे विनंती पाठवावी. उत्तर आले की ते लिहून ठेवावे. आता विनंती गेल्यावर आणि उत्तर येण्यापूर्वी लाइन गेली असे समजा. पुन्हा सुरू होताना प्रोग्रामला हेतूची नोंद दिसते, उत्तर दिसत नाही. या वेळी नवा क्रमांक काढून रक्कम पुन्हा पाठवली तर शेतकऱ्याला दोनदा पैसे जातात. पाठवलेच असतील असे गृहीत धरून सोडून दिले तर एकदाही जात नाहीत. म्हणून त्याच क्रमांकाने आधी स्थिती विचारावी, आणि बँकेने अशी विनंती आलीच नसल्याचे निश्चित सांगितले तरच ती पुन्हा पाठवावी, तीही त्याच क्रमांकाने. ‘प्रलंबित’ हे उत्तर यश नाही आणि अपयशही नाही. त्याला प्रोग्राममध्ये तिसरी, स्वतंत्र अवस्था द्यावी.

पुढे जाऊन सावरण्याचे नमुनेदार उदाहरण याच क्षेत्रात मिळते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही समोरच्या खात्यात जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत करावी लागते आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. झालेला व्यवहार पुसला जात नाही, त्यावर उलटी नोंद चढवली जाते. चुकीची पट्टी छापली गेली असेल तर आपल्या प्रोग्रामनेही तेच करावे. जुनी पट्टी खोडू नये, तिचा क्रमांक सांगणारी दुरुस्ती-पट्टी काढावी.

हिशोब आणि बँक हे दोन वेगळे प्रोग्राम असतील तर दोघांनी आपापल्या सोयीने चेकपॉइंट, म्हणजे परत फिरण्यासाठी जपून ठेवलेल्या स्थिती, घेऊ नयेत. एक मागे गेला की त्याने पाठवलेला संदेश दुसऱ्याच्या दृष्टीने कधी आलाच नव्हता असा ठरतो, मग त्यालाही मागे जावे लागते, आणि असे एकमेकांना ढकलत दोघेही सकाळपर्यंत पोहोचू शकतात. संदेश पाठवण्यापूर्वी तो लॉगमध्ये पक्का केला आणि घेणाऱ्याने एकच क्रमांक दोनदा आला तर दुसरा दुर्लक्षित केला, तर ही साखळी तुटते.

पुन्हा प्रयत्न करताना दोन प्रयत्नांमधील अंतर दरवेळी दुप्पट करावे आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळावा. लाइन परत येते तेव्हा बाजारातील सगळे संगणक एकाच क्षणी जागे होतात. ते सर्व ठरावीक अंतराने सर्व्हरला हाका मारू लागले, तर नुकता उभा राहिलेला सर्व्हर पुन्हा कोसळतो. प्रयत्नांना कमाल मर्यादाही हवी.

सावरण्याचीच परीक्षा

सावरणारा कोड क्वचितच चालतो, म्हणून त्यातच सर्वाधिक दोष दडून राहतात. तो मुद्दाम चालवून पाहावा. चाचणीच्या संगणकावर पट्टी छापली जात असताना प्रोग्राम सक्तीने बंद करावा, लॉग लिहिला जात असताना प्लग ओढावा, डिस्क पूर्ण भरून ठेवावी, काट्याची तार वजन चालू असताना काढावी, बँकेच्या जागी उत्तरच न देणारा खोटा सर्व्हर उभा करावा. हेतूची नोंद, विनंती आणि उत्तर यांच्या दरम्यानच्या प्रत्येक जागी एकदा तरी प्रोग्राम मारून पाहिलेला असावा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू झाल्यावर पट्ट्यांची बेरीज व बँकेकडील बेरीज जुळते का ते यंत्रानेच तपासावे. सावरत असतानाच दुसऱ्यांदा लाइन गेली तर काय होते, हीही चाचणी सोडू नये. लॉगमधील नोंद दोनदा लागू झाली तरी निकाल एकदाच लागू झाल्यासारखा यावा, ही अट त्यासाठीच असते. बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यावरून कालचा दिवस जसाच्या तसा उभा राहतो का, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी पाहावे.

आपोआप सावरण्यालाही थांबा असावा. एरिक्सनमध्ये जन्मलेल्या अरलँग भाषेतील पर्यवेक्षक प्रक्रिया कोसळलेल्या प्रक्रियेला पुन्हा उभी करते, पण ठरावीक वेळात ती मर्यादेपेक्षा जास्त वेळा कोसळली तर स्वतःच बंद होऊन वरच्या पर्यवेक्षकाकडे प्रश्न सोपवते. आपल्या दुकानात शेवटचा पर्यवेक्षक दिवाणजी असतात. तेथवर प्रश्न पोहोचला, तर पडद्यावर नुसता त्रुटिक्रमांक दाखवू नये. कोणत्या क्रमांकापर्यंतच्या पट्ट्या पक्क्या आहेत, कोणत्या संशयित आहेत, कोणत्या शेतकऱ्यांचे पैसे प्रलंबित आहेत आणि तोवर हाताने पट्टी कोणत्या क्रमांकापासून लिहावी, एवढे चार तपशील मराठीत, मोठ्या अक्षरांत दाखवावेत आणि प्रिंटर चालू असेल तर छापूनही द्यावेत.